टेकडीवरचा पांढरा खांब

शुभ्राने दाट, वेलचीच्या करक चहाचे दोन कागदी कप कठड्यावर ठेवले आणि मनाशी ठरवलं, आता बोलायचंच. तिचा नवरा वेदांग लेकीला, सान्वीला, घेऊन दुर्बिणीच्या रांगेत उभा होता आणि रांग चांगली लांब होती. उद्या दुपारच्या विमानाने सासूबाई, विभावरीबाई, परत निघणार होत्या, आणि या खेपेला कायमच्या. साताऱ्याला सासऱ्यांचं एकट्याने निभत नव्हतं, आणि सासूबाईंचे गुडघे आता इतकी ये-जा करू देत नव्हते. माफी मागायची तर एवढाच वेळ हातात होता.

विभावरीबाई शाल घट्ट ओढून अमिरातीतल्या जेबेल जैस डोंगराच्या उघड्याबोडक्या रांगांकडे बघत होत्या. वर येताना त्यांनी गाडी थांबवायला लावून सान्वीला खडकातले थर दाखवले होते. हा सगळा चुनखडक, म्हणजे हा डोंगर एके काळी समुद्राच्या तळाशी होता, असं समजावून सांगितलं होतं. "नो वे, आजी," म्हणून सान्वीने खडकाला नाक लावून वास घेतला होता.

"गवताचं पातं नाही इथं," विभावरीबाई म्हणाल्या. "आणि तुमच्या त्या इंग्लंडात माती दिसायची मारामार."

म्हणजे त्यांनाही तेच आठवत होतं.

आठ वर्षांपूर्वी वेदांगच्या प्रोजेक्टपायी ते बर्मिंगहॅमला होते. विभावरीबाई बाळंतपणाला यायच्या होत्या. तिकीट काढून झालं, आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. ठरल्या तारखेला त्या तरीही आल्या. डिंकाचे लाडूही घेऊन आल्या. शुभ्राने त्या डब्याला हात लावला नाही.

घरात कुणी बोलेना, म्हणून वेदांग दर शनिवारी दोघींना गाडीत घालून श्रॉपशरच्या टेकड्यांवर न्यायचा. मेंढ्यांच्या कुरणातून वाट जायची. उघडलेलं फाटक आठवणीने लावून घ्यायचं, चिखल तुडवत वर जायचं, माथ्यावर वारा कानात शिरायचा. खाली हिरव्या शेतांची गोधडी पसरलेली असायची. कुठे एखादी पितळी तबकडी असायची, कुठल्या दिशेला कुठला डोंगर ते सांगणारी. थर्मासमधला चहा, पोळीचे रोल, आणि परत. विभावरीबाई ओल्या गवतावरून घसरून पडायच्या. तीन टेकड्यांवर तीनदा पडल्या. शुभ्रा मुकाट्याने हात द्यायची आणि पुढे चालू लागायची.

चौथ्या टेकडीच्या माथ्यावर तो खांब होता. सिमेंटचा, छातीइतका उंच, पांढरा रंगवलेला. जवळच एक म्हातारं इंग्रज जोडपं कुत्र्याला घेऊन बसलं होतं. विभावरीबाईंनी बूट काढले. पर्समधून डबी काढून खांबाला हळद-कुंकू वाहिलं, वर डिंकाचा एक लाडू ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले. ते पाहून म्हातारा उठला आणि अदबीने टोपी काढून उभा राहिला. तेवढ्यात कुत्र्याने खांबावर पुढचे पाय टेकले आणि नैवेद्य मटकावला.

शुभ्रा हसली. हसता हसता गवतात बसली, मग आडवी झाली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते कितीतरी वेळ थांबेना. विभावरीबाई आपल्या पायमोज्यांवर तशाच उभ्या होत्या.

तेव्हापासून तो किस्सा घरचा झाला. दुबईला आल्यावर प्रत्येक गणपतीत, प्रत्येक वाढदिवसाला वेदांग तो करून दाखवायचा, कुत्र्यासकट. गेल्या शनिवारी निरोपाच्या जेवणालाही दाखवला. त्याचा मित्र सिद्धांत म्हणाला, काकू, जाण्याआधी बुर्ज खलिफालाही कुंकू लावून जा, बिचारा इतकी वर्षं तसाच उभा आहे. सगळे पोट धरून हसले. मग सान्वीने सगळ्यांसमोर विचारलं, "आजी, यू रिअली थॉट इट वॉज गॉड?"

"वाटलं खरं, बाळा," विभावरीबाई म्हणाल्या, आणि ताटात खाली बघून भात कालवू लागल्या.

ती मान खाली गेलेली शुभ्राला तेव्हापासून दिसत होती. जिने आपल्यासाठी लाडू वळून आणले, तिला आपण परक्या देशात, परक्या माणसांपुढे हसलो. आणि नंतर आठ वर्षं गावाला हसू दिलं.

रांग पुढे सरकली. सान्वीने दुर्बिणीला डोळा लावला.

"आई," शुभ्रा म्हणाली, "त्या खांबापाशी मी तुम्हाला हसले. तुम्हाला अडाणी समजून हसले. मला माफ करा."

विभावरीबाईंनी कप उचलला. वाफेवर फुंकर घातली. एक घोट घेतला.

"एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला गं मी," त्या म्हणाल्या. "जमीनमोजणीचा खांब मला ओळखता येत नसेल होय?"

शुभ्रा त्यांच्याकडे वळली. "मग ते कुंकू? तो लाडू?"

"चार महिने हसली नव्हतीस तू." विभावरीबाईंनी कप खाली ठेवला आणि दुखरा गुडघा सावकाश चोळला. "त्याआधीच्या तीन टेकड्यांवर मी काय उगाच पडत होते?"