चाकाखालचं लिंबू

दसऱ्याच्या सकाळी शेजारच्या खांबेट्यांनी आपल्या जुन्या फियाटच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि चावी फिरवली. गाडी नुसतीच खोकली. लिंबू शाबूत राहिलं. मला बरं वाटलं.

माझीही त्याच सालची फियाट. पण त्यांची रंगवून झालेली, आणि माझ्या गाडीचं दार लेंग्याच्या नाडीनं बांधलेलं. रोज जळफळाट व्हायचा. त्यांना हवा असलेला कार्ब्युरेटर जुन्या बाजारात दिसला, तेव्हा तो मीच घेतला आणि "कुठेच मिळत नाही हो" म्हणून सांगितलं.

तासाभरानं ते आले. हातात त्यांच्याच गाडीतून काढलेलं दाराचं लॉक होतं.

"तुमच्या दाराला बसवा. माझी काही निघत नाही, तुमची तरी फिरू दे. डिकी उघडा, आत ठेवतो."

चावी माझ्या मुठीत होती आणि त्यांचा कार्ब्युरेटर डिकीत.