पलीकडचा दवाखाना

तळ्यावरचा पूल लांबलचक असला, तरी सुताराच्या पायाखालचा होता. त्याची सासुरवाडी पलीकडेच होती. आज भर दुपारी मात्र तो काही केल्या संपेना.

समोरच्या काठावरचा दवाखाना लख्ख दिसत होता, पण तसूभरही जवळ येत नव्हता. मागच्या सीटवर दिवस भरलेली बायको कळांनी पिळवटून निघाली होती.

"अहो, आलं का?"

"हे काय, आलंच," म्हणत त्याने गाडी आणखी दामटली. आरशात पाहिलं, तर मागचा काठही दिसेना.

त्याने मेहुणीला फोन लावला. ती त्याच दवाखान्यात नर्स होती.

"आम्ही पुलावरच आहोत गं अजून! कुणाला तरी पाठव, तुझ्या पाया पडतो!"

"भावोजी, असं काय करताय?" ती रडकुंडीला आली होती. "गाडी केव्हाची आमच्या दारात उभी आहे. तुम्ही आत नुसते समोर बघत बसलाय. ताईचं ओरडणंही थांबलंय. दार उघडा ना!"

फोनमधून काच बडवल्याचा आवाज आला.

गाडी भरधाव धावत होती, दोन्हीकडे नुसतं पाणी होतं, आणि त्याच्या कानाशी, खिडकीच्या काचेवर, कुणीतरी जिवाच्या आकांताने थापा मारत होतं.