हयातीचा दाखला

शिवाचे दिवस घातले ते १९५७ साल. त्याच वर्षी, वैशाख सरायच्या आत, परबांच्या घरचा भाई तीस वर्षांची मुंबई आटोपून, फडक्यात बांधलेल्या अस्थी घेऊन मालवणच्या बंदरात उतरला.

परबांचे दोघे भाऊ, गणपत आणि शिवा. वर्षाच्या अंतरानं जन्मलेले, एका साच्यातले. मुंबईत एकाच खोलीत राहिले. आठ-दहा वर्षांत गावी फिरकले नव्हते. थोरल्या गणपतला सरकारी नोकरीची पेन्शन नुकतीच लागली होती. शिवा सडाफटिंग.

अंगणात माणसं जमली होती. गणपतची बायको रुक्मिणी दारात उभी होती. मूलबाळ नाही. तिनं फडक्याकडे पाहिलं, मग भाईकडे.

"पाय धुवा," एवढंच म्हणाली.

पेन्शन बेचाळीस रुपये. माणूस जिता तोवरच. मागं विधवेला दमडी नाही. म्हणून भाईनं विडी सोडली. दर महिन्याला पंधरा रुपये तो पोस्टात रुक्मिणीच्या नावावर टाकी. माडांना पाणी घाली, रात्री बाहेर पडवीत निजे. घरात बोलणं कामापुरतं. बायका म्हणत, रुक्मिणी नशिबाची, घोव शेवटी घरी आला. रुक्मिणी कुंकू लावी, पण आरशात बघत नसे.

वर्षातून एकदा हयातीच्या दाखल्यासाठी कचेरीत जावं लागे.

"गणपत परशुराम परब!"

कारकुनाला दोनदा पुकारावं लागे.

"कमी ऐकू येतं वाटतं. पण आहात ना अजून?"

"आहे, साहेब."

भाई एकेक अक्षर जपून काढत सही करी, आणि घरी येईपर्यंत वाटेत कुणाशी बोलत नसे.

१९६३च्या भाद्रपदात शिवाचा सहावा म्हाळ आला. रुक्मिणीनं वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर आणि नेहमीप्रमाणे अळवाची भाजी केली. भाईनं पान परसात ठेवलं. माडावर कावळे होते, पण एकही उतरेना. दर वर्षी हेच. शेवटी पान गायीपुढे जाई.

शेजारचा बाबली पायरीवर ताटकळला होता.

"गो वयनी, शिवाक अळू खपायचा नाय. घसो खाजवता म्हणान रडायचो. मगे कावळो येतलो कसो?"

रुक्मिणीनं अळू पानावर तसंच राहू दिलं.

"जीव अडाकलो हा त्याचो," बाबली भाईला म्हणाला. "वयनीक सांभाळतंय म्हणान सांग त्याका."

"दर वर्साक सांगतंय."

"तर मगे गायच पुण्यवान. माका भूक लागली," म्हणत बाबली ओसरीवर जेवायला गेला.

परसात दोघंच उरली. उन्हं कलली. भाई पान उचलायला वाकला, तशी रुक्मिणी मागून हळू म्हणाली,

"भावोजी, त्यांका त्यांच्या नावान हाक मारा. सा वर्सा उपाशी आसत."

भाई तसाच वाकून राहिला. मग त्यानं हात जोडले.

"दादा," तो म्हणाला, "तुझ्या नावान खातंय. वयनीक उघड्यार पडाक देवचंय नाय."

कावळा उतरला. पहिली चोच त्यानं अळवाला लावली.

गणपत वारला तो १९५७च्या वैशाखात, मुंबईतल्या खोलीत, पेन्शन लागून दोन महिने झाले असताना.