फुंकर

गोदाबाईंच्या तळहाताला केतकीची कातडी होती. गॅसच्या स्फोटात मायलेकी दोघी भाजल्या. लेक गेली, तिच्या पाठीच्या धड राहिलेल्या पेशींपासून प्रयोगशाळेनं आईसाठी नसांसकट नवी कातडी वाढवली.

आज हातानं भाकरी उलटताना चटका बसला आणि पूर्वी निखाराही उचलणाऱ्या गोदाबाई कळवळल्या.

"दुखतंय म्हणजे वरवरचंच भाजलंय," नवरा म्हणाला. "खोल भाजलं की नसाच जळतात."

"आई, मला दुखत नाहीये गं," केतकी त्या दिवशी म्हणाली होती, आणि गोदाबाईंना हायसं वाटलं होतं. त्यांनी साधी फुंकरही घातली नव्हती.

तव्यावर भाकरी करपली. गोदाबाई तळहात तोंडाशी धरून फुंकर घालत राहिल्या.

"दुखतंय ना गं," त्या तळहाताला म्हणाल्या.