पानाखालचा घास

संगिताने विहिरीच्या पाण्याचा थेंब पट्टीवर सोडला. यंत्राचा दिवा हिरवा. डाळीचा थेंब सोडला. हिरवाच.

काल रात्रीपासून पाड्यातली अकरा माणसं ओकत होती. दवाखान्यातून आलेल्या या पोरीने सांगितलं होतं, अन्नात जंतूंचं विष असलं की पट्टीतली वीज बदलते आणि दिवा लाल होतो. ओट्यावर बसलेली हिराबाई मनात हसली. विष कुणाचं, ते तिला पन्नास वर्षं ठाऊक होतं.

सायवनच्या बाजूच्या या पाड्यात नवा भात आला की हिराबाई तो सकाळी शिजवून हाताने कालवी आणि पळसाच्या पानांखाली झाकी. दिवसभर तो पूर्वजांचा. सांजेला घरोघर एकेक घास. वाटणारीने स्वतः उपास धरायचा. नवी सून होती तेव्हापासून हा मान तिचा.

एका वर्षी सगळा पाडा ओकला. तिचा दोन वर्षांचा मुलगा लहान्या त्यात गेला. धड राहिली ती एकटी शुक्री. विधवा बाई. तिने घास घेतलाच नव्हता. हिराबाईच्या हाताकडे बघून नुसती मान हलवली होती. भुताळी ठरवून लोकांनी तिला त्याच रात्री हाकललं. ती गुजरातेत गेली म्हणतात. झोपडी मोडून पडली.

ओकाऱ्या मात्र दोन-चार वर्षांनी येतच राहिल्या. शुक्री येऊन जाते, असं लोक म्हणत. बांधापलीकडे तिच्या बांगड्या वाजतात. हिराबाईने स्वतः ऐकल्या होत्या.

संगिताने काल सांजेच्या वाटपातला, पानाखाली उरलेला घास पाण्यात कालवला, थेंब सोडला. दिवा लाल झाला.

"बघ, येऊन गेली," हिराबाई शांतपणे म्हणाली.

संगिता यंत्राकडे बघत नव्हती. तिने म्हातारीचा उजवा हात उचलून उजेडात धरला. नखाच्या कडेला ओलं, पिवळट.

"आजी, हे बोट कधीपासून असं आहे?"

"चिखलात भाताची रोपं लावून, आवणी करून होतं. दर साली फुटतं, कापणीपर्यंत वाहतं. लहान्या पोटात होता, तवापासून."

संगिताने कापसाचा बोळा नखाला टेकवला, पाण्यात बुडवला, नव्या पट्टीवर थेंब सोडला.

दिवा लाल झाला.

बांधापलीकडे काही वाजलं नाही. हिराबाई बोटाकडे बघत राहिली. त्या रात्री शुक्रीचं दार तिने याच बोटाने दाखवलं होतं.