आईचं नाव

निकाल दुपारी लागणार होता आणि कणीक मळता मळता उज्ज्वलाचे हात थांबत होते. पोरीच्या दहावीच्या मार्कांची तिला धास्ती नव्हती. निकाल बघायला मोबाइलवर आईचं नाव टाकावं लागतं, हे शेजारणीनं सकाळीच सांगितलं होतं.

पोरीची आई गेली आणि उज्ज्वला तिची सावत्र आई म्हणून या घरात आली. पोर तिला मावशीच म्हणायची. आठवीत शाळा बदलताना क्लार्कनं आईचं नाव विचारलं आणि उज्ज्वलाच्या तोंडून स्वतःचंच निघून गेलं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आता पोर आपल्या आईचं नाव टाकणार आणि सगळं उघडं पडणार.

“मावशी, ये लवकर.”

कणकेच्या हातांनीच ती मागे जाऊन उभी राहिली. पोरीनं नंबर टाकला आणि जराही न थांबता ‘उज्ज्वला’ लिहिलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“हॉलतिकिटावर छापलंय की. केव्हाच वाचलं.”

स्क्रीनवर मार्क उमटले.

“आईचं नाव चुकलं तर निकाल दिसतच नाही, मावशी,” मोबाइल पुढे करत ती म्हणाली. “हा बघ, दिसला.”