सिक्केचा नवा नळ

प्लंबरचे दीडशे युरो वाचतील आणि बायको हिल्येचे टोमणेही थांबतील, या दुहेरी नफ्यासाठी सिक्केने स्वयंपाकघरातला नळ स्वतःच बदलला. जिन्याखालचा मुख्य व्हॉल्व बंद केला, मीटरचा आकडा पेन्सिलीने भिंतीवर टिपला, नवा नळ बसवून फिरवला. पाणी आलं, आणि जोडातून थेंबही गळला नाही.

"बरा निघालास की," हिल्ये म्हणाली. "आता छप्परही तूच कर."

महिना सुखात गेला. हल्ली सुपात मीठ घालायची गरज पडेना, तेवढीच आणखी बचत.

मग पाणी कंपनीला वर्षाचा आकडा कळवायची तारीख आली. सिक्के जिन्याखाली वाकला. मीटरवर भिंतीवरचाच आकडा होता. व्हॉल्व परत उघडायला तो साफ विसरला होता.

"हिल्ये, महिनाभर आपण पितोय ते पाणी कुठलं गं?"

"फुकटचं आहे ना? मग चौकशा कशाला?" ती नळाखाली किटली धरत म्हणाली.

तिच्यामागे खिडकीत बंदर दिसत होतं. भरतीची वेळ होती आणि सगळ्या होड्या चिखलात बसल्या होत्या.

प्लंबरला त्यांनी काही दिलं नव्हतं, कंपनीलाही नाही. सगळा खर्च समुद्राने सोसला होता, आणि किटली अजून भरतच होती.